आधी दोन अणू, मग तीन

सुपररेडियन्स, म्हणजे अनेक अणूंनी मिळून झपाट्याने प्रकाश सोडणं, समजून घ्यायचं असेल तर शंभर अणूंचं सिम्युलेशन आत्ता बाजूला ठेव. कॅव्हिटीत, म्हणजे समोरासमोरच्या आरशांमधल्या पोकळीत, दोनच अणू घे आणि कागदावर सोडव. एकच उत्तेजित आहे, पण दोघांपैकी कोणता हे ठरलेलं नाही, अशी अवस्था लिही. दोन शक्यतांमधलं चिन्ह अधिक असेल तर प्रकाश एकट्या अणूच्या दुप्पट दराने बाहेर पडतो. उणे केलंस की दोघांचं योगदान एकमेकांना खोडतं आणि कॅव्हिटीत फोटॉन (प्रकाशकण) जातच नाही! भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकेने 1954 साली मांडलेल्या सुपररेडियन्सचं बीज याच चिन्हात आहे.

मग तीन घे, तिन्ही उत्तेजित. फोटॉन कॅव्हिटीतून पटकन निसटतो असं धरलंस, तर उतरत्या पायऱ्यांचे दर, एकट्या अणूच्या दराच्या पटीत, येतात 3, 4, 3. सुटे अणू असते तर 3, 2, 1. हा मधला 4 स्वतः काढून बघ, मला तो अजूनही सुंदर वाटतो.

आणि जागा विसरू नकोस. कॅव्हिटीत स्थायी तरंग असतो: निस्पंदावरच्या, म्हणजे तरंग जिथे शून्य असतो तिथल्या, अणूची प्रकाशाशी जोडणी शून्य. दोन अणूंत अर्ध्या तरंगलांबीचं अंतर पडलं तर जोडणीचं चिन्हच उलटतं, आणि तू तेजस्वी समजत असलेली अधिक चिन्हाची अवस्था अंधारी निघते.