कॅलेंडरवर नोंद होती, तरी निरोप पोहोचला नव्हता

‘घरातील संगणकावर सर्वांसाठी एक सामायिक कॅलेंडर ठेवले आहे, त्यातील प्रत्येक बदल मी वेळच्या वेळी नोंदवते, तरीही ऐनवेळी सगळे मलाच विचारतात, नाहीतर आम्हाला कळलेच नाही म्हणून मोकळे होतात, मी आणखी काय करायला हवे?’ या आशयाचा प्रश्न कौटुंबिक समुपदेशनात आता वारंवार येतो. विचारणारी व्यक्ती बहुधा थकलेली असते आणि एवढ्याशा गोष्टीसाठी आपण इथे आलो याचा तिला संकोचही वाटत असतो. मला हा विषय मुळीच किरकोळ वाटत नाही, कारण घरात कोण कोणाला गृहीत धरते हे अशा कॅलेंडरच्या एका आठवड्यात जितके उघड दिसते, तितके कित्येकदा तासाभराच्या बोलण्यातूनही कळत नाही. पुढील अनुभव एका कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे आणि त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे, पतीचे काम पाळ्यांचे आणि घरात पंधरा वर्षांची मुलगी. ‘आमच्यात आता प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागितला जातो,’ असे पत्नीने पहिल्याच भेटीत सांगितले. भांडण ठरावीक वळणाने जात असे. शाळेतील पालकसभेला पती पोहोचले नाहीत की त्या म्हणत, ‘मी कॅलेंडरवर टाकले होते’. त्यावर ते म्हणत, ‘मला कोणी सांगितले नाही’. ही दोन्ही वाक्ये खरी होती आणि म्हणूनच दोघांपैकी कोणालाही माघार घेता येत नव्हती. आपण खरे बोलत असतानाही समोरचा विश्वास ठेवत नाही, हे दुःख दोघांच्याही वाट्याला सारखेच आले होते, फक्त ते एकमेकांना दिसत नव्हते.

दुसऱ्या भेटीला मी त्यांना ते कॅलेंडर सोबत आणण्यास सांगितले. आपला गतसप्ताह प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत मांडावा आणि मग तो पडद्यावर जसा दिसतो तसा तिघांनी मिळून पाहावा, असे मी सुचवले. वादाचा गुरुवार आम्ही उघडला. त्या चौकटीत ‘शाळा’ एवढा एकच शब्द होता. सभेची वेळ चारऐवजी साडेपाच झाल्याचे पत्नीने आदल्या रात्री नोंदवले होते. परंतु सभेला कोणी जायचे, हे त्या नोंदीत कोठेही नव्हते. या वेळी पतीने जायचे हे त्यांच्या मनात पक्के होते, कारण आधीच्या सभेला त्या स्वतः गेल्या होत्या. पतीने ‘शाळा’ हा शब्द वाचला असता, तरी तो आपल्यासाठी आहे असे त्यांना वाटण्याचे काही कारण नव्हते.

याच बैठकीत आणखी काही गोष्टी पुढे आल्या आणि त्यांनी मीही थोडी थबकले. घरातील संगणकावर कायम पत्नीचेच खाते उघडे असे, त्यामुळे कोणीही काहीही बदलले तरी ते त्यांच्याच नावावर जमा होई. मुलीने एकदा पोहण्याच्या वर्गाची एका दिवसाची सुट्टी नोंदवण्यासाठी ती नोंद काढून टाकली होती आणि ‘फक्त हाच कार्यक्रम’ याऐवजी ‘हा आणि यापुढील सर्व’ हा पर्याय निवडला होता. पुढचे सगळे वर्ग कॅलेंडरवरून नाहीसे झाले. पतीने संगणकावर काहीतरी खटपट केली असावी असे पत्नीने धरले, पतीने आळ नाकारला आणि मुलगी भीतीने गप्प राहिली. गूगल कॅलेंडरमध्ये काढून टाकलेल्या नोंदी तीस दिवस कचरापेटीत राहतात आणि तोवर परत आणता येतात. दोन दिवस अबोला धरण्याऐवजी ती पेटी उघडून पाहिली असती, तर कदाचित प्रश्न तिथेच मिटला असता.

पतीच्या पाळ्यांचा घोळ याहून खोल होता. महिन्याच्या सुरुवातीला कार्यालयातून मिळालेली वेळापत्रकाची फाइल त्यांनी कॅलेंडरमध्ये आयात केली होती आणि आता ते आपोआप अद्ययावत राहील, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. अशा फाइली वेगवेगळ्या सेवांमध्ये उघडतात, कारण १९९८ पासून आयकॅलेंडर हे त्यासाठीचे सामायिक मानक आहे; पण आयात केलेली फाइल म्हणजे त्या क्षणाची एक प्रत असते. मूळ वेळापत्रक बदलले तरी ती प्रत बदलत नाही. बदल आपोआप यावेत असे वाटत असेल, तर वेळापत्रकाच्या दुव्याने सदस्यत्व घ्यावे लागते, म्हणजे मूळ वेळापत्रक कॅलेंडरला कायमचे जोडावे लागते, आणि तसे घेतल्यावरही नवा बदल दिसायला काही तास, प्रसंगी एखादा दिवस लागू शकतो. परिणाम असा झाला होता की कॅलेंडरवर ते मोकळे दिसत असलेल्या संध्याकाळी प्रत्यक्षात कामावर असत. ‘मोकळे असूनही तुम्ही आला नाहीत,’ या वाक्यामागे किती साचलेला राग होता, हे मी पत्नीच्या चेहऱ्यावर पाहिले. ती प्रत शिळी आहे हे कळल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पतीला विचारले, ‘म्हणजे त्या सगळ्या दिवशी तुम्ही खरोखर कामावर होतात?’ समुपदेशनाच्या दृष्टीने त्या दिवसाचे काम या एका प्रश्नात झाले.

तरीही केवळ तांत्रिक दुरुस्तीने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नव्हते आणि वाचकांनीही तसे समजू नये. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी पस्तीस जोडप्यांतील सत्तर व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. घर चालवताना करावे लागणारे बौद्धिक काम त्यांनी चार भागांत मांडले: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ठरलेले पार पडते आहे ना यावर लक्ष ठेवणे. त्या जोडप्यांत निर्णय बऱ्याच अंशी मिळून होत, परंतु गरज ओळखणे आणि लक्ष ठेवणे हे भाग प्रामुख्याने स्त्रियांकडे होते. सामायिक कॅलेंडरने नोंद सर्वांची होते, नजर मात्र एकाच व्यक्तीची राहते, हेच या घरात घडत होते. पत्नी रोज रात्री संगणकापुढे बसून दुसऱ्या दिवसाच्या नोंदी तपासत आणि ‘मी एकच दिवस बसले नाही, तर घर थांबते,’ असे सांगताना त्यांना रडू आले. पतीला हे काम आजवर दिसलेच नव्हते. त्यांच्या दृष्टीने कॅलेंडर ‘असायचे’.

म्हणून आम्ही आधी ते काम वाटून घेण्याबद्दल बोललो आणि नंतर संगणकाकडे वळलो. तिघांची खाती वेगळी झाली आणि सामायिक कॅलेंडरमध्ये बदल करण्याची परवानगी तिघांनाही दिली गेली, जेणेकरून कोणी काय बदलले यावरून उगाच संशय उरू नये. प्रत्येकाने स्वतःची नोंद स्वतःच करायची आणि शीर्षकात काय आहे याबरोबर कोण जाणार हेही लिहायचे, असे ठरले. स्मरणसूचना बहुतेक सेवांमध्ये ज्याच्या त्याच्या खात्यापुरत्या असतात. एकाने लावलेली सूचना दुसऱ्याच्या पडद्यावर येईलच असे नाही आणि संगणकावर ती दिसण्यासाठी ब्राउझरलाही परवानगी द्यावी लागते. पतीने आपली सूचना माझ्यासमोर स्वतःच्या हाताने लावावी, असा आग्रह मी धरला. पत्नीने ती लावून दिली असती तर काम पटकन झाले असते, पण ओझे पुन्हा त्यांच्याच खांद्यावर राहिले असते.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र संगणकाबाहेरचा होता. पुढच्या चोवीस तासांत येणारा कोणताही बदल केवळ नोंदवून थांबायचे नाही. तो प्रत्यक्ष किंवा फोनवर सांगायचा आणि समोरच्याकडून होकार येईपर्यंत तो ठरला असे मानायचे नाही. याखेरीज रविवारी संध्याकाळी तिघांनी पडद्यासमोर बसून पुढचा आठवडा एकदा वाचायचा आणि ते वाचन महिन्यागणिक वेगळ्या व्यक्तीने चालवायचे. पहिला महिना पतीकडे गेला.

हे सारे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पतीकडून एका रविवारी बैठक राहून गेली आणि पत्नीने मुकाट्याने सगळ्या नोंदी स्वतःच करून टाकल्या. पुढच्या भेटीत आम्ही पतीच्या विसरण्याइतकेच त्या मुकाट्याने केलेल्या कामाबद्दल बोललो. ते काम प्रेमापोटी होते यात शंका नाही, पण त्यामुळे राहून गेलेल्या गोष्टीची जाणीव पतीपर्यंत पोहोचण्याआधीच ती भरून निघत होती. वर्षानुवर्षे सगळे सांभाळलेल्या व्यक्तीला एखादी चौकट रिकामी राहू देणे किती कठीण जाते, याची मला पूर्ण कल्पना आहे. त्यासाठी त्यांना वेळ लागला आणि तो वेळ द्यायलाच हवा होता. पुढे एका पालकसभेची वेळ बदलली, तेव्हा शाळेचा निरोप पतीने स्वतः वाचला, नोंद बदलली आणि पत्नीला फोन करून सांगितले, हे मला मुलीकडून कळले.

मुलीने स्वतःची एकच मागणी मांडली आणि ती रास्त होती. तिचे वेगळे कॅलेंडर असावे आणि त्यातील केवळ मोकळ्या व व्यग्र वेळा आईवडिलांना दिसाव्यात, तपशील नकोत. बहुतेक सेवांमध्ये अशी सोय असते आणि पंधराव्या वर्षी इतका खासगीपणा मिळणे योग्यच आहे, असे मी पालकांना स्पष्टपणे सांगितले.

अशा तक्रारीत मी आणखी एक गोष्ट नेहमी तपासते आणि ती वाचकांनीही स्वतःला विचारून पाहावी. तुमच्या कॅलेंडरमधील एखादी वेळ रिकामी दिसली की तुम्हाला जाब द्यावा लागतो का? नोंद न करता बाहेर पडण्याची भीती वाटते का? तुमच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्याला सांगण्याची सक्ती तुमच्यावर केली जाते का? उत्तर होकारार्थी असेल, तर वर सांगितलेली मांडणी तुमच्यासाठी नाही, कारण तिथे कॅलेंडर पाळत ठेवण्याचे साधन झालेले असते आणि नोंदी अधिक नीट केल्याने ती पाळत अधिकच घट्ट होते. अशा वेळी सामायिक बैठकीचा आग्रह न धरता समुपदेशकाला आधी एकट्याने भेटावे आणि भेटीची वेळ त्या कॅलेंडरवर लिहू नये.