मूळ माओ कुठे वाचायचा?

प्रश्न : फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर मला पेकिंगमध्ये छापलेले माओ त्से तुंगच्या निवडक लेखनाचे इंग्रजी खंड मिळाले. ते चाळत असताना एका प्राध्यापक स्नेह्यांनी सांगितले की, खरा माओ वाचायचा असेल तर जपानमध्ये निघालेला संग्रह पाहावा. चिनी नेत्याच्या लेखनासाठी जपानकडे कशाला जायचे? शिवाय ज्या देशाने चीनवर आक्रमण केले, तिथल्या आवृत्तीवर विश्वास कसा ठेवायचा?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या स्नेह्यांच्या मनात असलेला संग्रह म्हणजे ताकेउची मिनोरू यांच्या देखरेखीखाली तोक्योत १९७० ते १९७२ या काळात दहा खंडांत निघालेला ‘माओ झेडोंग जी’ (म्हणजे ‘माओ त्से तुंग संग्रह’; नाव तेच, उच्चारलेखन निराळे). (चिनी साहित्यिक लू शुनचे अभ्यासक ताकेउची योशिमी हे निराळे; आडनावावरून दोघांची गल्लत करू नये.) हा संग्रह जपानी अनुवादांचा नाही, त्यातील मजकूर चिनीच आहे, आणि तो १९४९ पर्यंतच्या लेखनाचा आहे.

त्याची गरज का पडली, हे आपल्याजवळच्या खंडांतूनच कळेल. ते ज्या अधिकृत चिनी आवृत्तीवरून केलेले आहेत, तिचा पहिला खंड १९५१ मध्ये, म्हणजे माओ सत्तेवर आल्यानंतर निघाला, आणि त्यासाठी त्याने आपले जुने लेख स्वतः तपासून बदलले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती इतरांच्या हातून शिरलेले पाठ काढून टाकण्यासाठी. इथे पाठ बदलणारा हात खुद्द लेखकाचाच आहे. हूनानमधील शेतकरी चळवळीवरचा १९२७ चा प्रसिद्ध अहवाल घ्या. लोकशाही क्रांतीच्या कामगिरीला दहा गुण द्यायचे झाले, तर शहरवासी आणि सैन्य यांच्या वाट्याला तीन आणि शेतकऱ्यांच्या वाट्याला सात जातील, अशा आशयाचे वाक्य मूळ छापील अहवालात होते. ते १९५१ च्या पाठात नाही. क्रांतीचे नेतृत्व कामगारवर्गाचे, असे मानणाऱ्या पक्षाला ते अडचणीचे वाटले असावे, हा तर्क मला पटतो.

ताकेउचींनी शक्यतो सर्वांत जुना छापील पाठ घेतला आणि अधिकृत पाठाशी असलेले फरक नोंदवले. त्या वर्षांत चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती चालू होती आणि माओच्या शब्दाचे पाठभेद दाखवणे तिथे कल्पनेपलीकडचे होते. जपानमध्ये मात्र चिनी ग्रंथांची पाठचिकित्सा करण्याची परंपरा जुनी आहे, आणि ताकेउचींचा तर जन्मच १९२३ मध्ये चीनच्या शांतुंग प्रांतात झालेला होता.

जुन्या पाठाचे महत्त्व एका सहीवरूनही पटेल. व्यायामशिक्षणावरील १९१७ च्या लेखाखाली माओने ‘अठ्ठावीस फटकाऱ्यांचा विद्यार्थी’ असे टोपणनाव घातले होते. त्याचे नाव जुन्या लिपीत लिहिले की पहिल्या अक्षराला कुंचल्याचे ४, दुसऱ्याला १६ आणि तिसऱ्याला ८ फटकारे लागतात. पुढे त्याच्याच राजवटीत लिपी सोपी करण्यात आली आणि आता तेच नाव १७ फटकाऱ्यांत लिहून होते, त्यामुळे आजच्या छपाईवरून त्या सहीचा उलगडा होणार नाही.

राहिला विश्वासाचा प्रश्न. आक्रमण केले ते लष्कराने. आणि या संपादनात वाचकाला संपादकाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही, कारण दोन्ही पाठ ताडून पाहता येतात. मात्र त्याचा आधार छापील मजकूर आहे, हस्तलिखिते नव्हेत, हे ध्यानात असावे. १९८० च्या दशकात त्याला पुरवणी खंड जोडण्यात आले, आणि माओचे अभ्यासक स्टुअर्ट श्राम यांनी १९९२ पासून इंग्रजीत आणलेल्या मालिकेलाही या संग्रहाचा मोठा आधार मिळाला. चिनी येत नसेल तर आपण ती मालिका पाहावी.

आपले खंड रद्दीत मात्र घालू नका. दुसऱ्या खंडात ऑक्टोबर १९३८ चे भाषण आहे. मार्क्सवाद चीनच्या परिस्थितीला मूर्त स्वरूपात लागू करावा, असे तिथे वाचाल. मूळ भाषणात मार्क्सवादाचे ‘चिनीकरण’ हा शब्द होता.