मतदानाची सुट्टी : दोन तासांवर भागतं का?

प्रश्न : नाशिकच्या अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. निम्मी मुलं रोजंदारीवर, काहींचं मतदान सुरगाणा-पेठकडे. सगळ्यांनाच पगारी सुट्टी द्यायची की दोन तासांची सवलत पुरे?

उत्तर : सुट्टी पूर्ण दिवसाची आणि पगारी. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधलं कलम 135ब रोजंदारीवाल्यालाही लागू आहे. एरवी त्या दिवसाचा रोज मिळाला नसता, तरी तो द्यावा लागतो. दंड फक्त 500 रुपयांपर्यंत, म्हणून अनेकजण कानाडोळा करतात. हे बरं नव्हे.

ज्याच्या गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होईल, तेवढ्यालाच अपवाद. चालू भट्टीवरचा ऑपरेटर त्यात बसेल, पॅकिंगवाला नाही. ऑर्डर अडकली, हे कारण होत नाही. राज्य शासनाच्या परिपत्रकातली दोन-तीन तासांची सवलतही अपवादापुरतीच, तीही आधी परवानगी घेऊन. शिवाय सुरगाण्याचा माणूस दोन तासांत एसटीनं जाऊन परत येणार कसा?

आठवडाभर आधी यादी करा : नाव, मतदानाचं गाव, शिफ्ट. बाहेरगावच्यांना आदल्या रात्रीची पाळी लावू नका. घोळ होतो तो मस्टरवर : त्या दिवशी ‘गैरहजर’ पडतं आणि पगारात कापलं जातं. ‘पगारी सुट्टी’ असंच लिहा, ठेकेदाराच्या हजेरीपत्रकातही. बदल्यात रविवारी बोलावणं म्हणजे सुट्टी न देणंच.

आणि कुणाला मत द्यायचं, हे सुपरवायझरकरवी सुचवू नका. नोकरीची भीती घालून तसं केलं तर तो थेट फौजदारी गुन्हा आहे.