१:३५ प्रमाणात (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा) १९६५ च्या युद्धाचा देखावा करायचा आहे. भारतीय जवान आणि जीप यांचे जोडायचे प्लास्टिक मॉडेलचे किट मिळत नाही, तर परदेशी किटमध्ये फेरफार करून चालेल का?

चालेल, किंबहुना त्याखेरीज दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही. मात्र तुम्ही प्रश्नाच्या खाली जे लिहिले आहे, की ‘अमेरिकन सैनिकांना हिरवा गणवेश आणि सावळी कातडी रंगवली की भागेल ना, इतके बारकाईने कोण पाहतो’, त्या वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळात सजावट सांभाळणाऱ्या एका मित्राने मला जवळजवळ याच शब्दांत हे ऐकवले होते आणि त्यानंतर आमचे सहा महिने बोलणे बंद होते.

त्या वर्षी मंडळाने १९६५ चे युद्ध हा विषय घेतला होता. मुख्य देखावा पुठ्ठ्याचा आणि कापडाचा होता, आणि मूर्तीच्या डाव्या हाताला काचेच्या पेटीत ३० सेंटीमीटर लांबीचा छोटा देखावा मी करावा असे ठरले. खेमकरणजवळ असल उत्तर येथे ४ ग्रेनेडियर्स पलटणीच्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस (उलटा धक्का न देणाऱ्या) तोफेने पॅटन रणगाडे टिपले, हे तुम्हाला सांगायला नको. मला त्यांचीच जीप हुबेहूब करायची नव्हती. उसाच्या आडोशाला दबा धरून बसलेली तशी एक जीप आणि तिच्यावरचे तीन जवान एवढेच दाखवायचे होते.

सहज मिळणारे किट दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचे असते. आपल्या डोळ्यांना सवय आहे ती महिंद्राच्या सीजे-३बी जीपची (या कंपनीची जीपजुळणी १९४९ मध्ये आपल्याच माझगावात सुरू झाली, हे मी मित्राला मुद्दाम सांगितले होते). उंच इंजिनामुळे तिचे बॉनेट इतके वर आलेले असते की ती लांबूनही ओळखू येते. एमबीच्या तोंडावरच्या जाळीत नऊ फटी असतात, हिच्या जाळीत सात. मी किटचे बॉनेट कापून वेगळे केले, प्लास्टिक शीटच्या पट्ट्या लावून ते तीन मिलिमीटर उचलले, बाजूच्या भेगा पुट्टीने भरल्या, घासल्या, पुन्हा भरल्या, आणि सात फटींची जाळी चार वेळा बिघडवून पाचव्या वेळी जमवली. यात जून आणि जुलै संपले. तोफ दुसऱ्या किटमधली घेतली. खरी तोफ जवळपास ३.४ मीटर लांब असते, म्हणजे या प्रमाणात ९७ मिलिमीटर, तेवढे मोजून घ्यावे. मित्र रोज संध्याकाळी डोकावून विचारत असे, “अरे, तीन मिलिमीटर पाहायला कोण येणार आहे?”

जवानांसाठी गणपतीच्या आधीचा एकच आठवडा उरला, ही चूक माझी होती आणि ती मी मान्य करतो. तरीही अमेरिकन सैनिक घेण्याची चूक मी केली नाही, आणि तुम्हीही करू नये. त्यांचे पट्टे, पाऊच आणि हेल्मेट सगळेच वेगळे असते. आपल्या पायदळाकडे १९६५ मध्येही ब्रिटिश १९३७ नमुन्याचे पट्टे आणि तेच बशीसारखे हेल्मेट होते. त्यामुळे आफ्रिकेच्या वाळवंटातले, सुती शर्ट आणि अर्ध्या चड्डीतले ब्रिटिश सैनिक घेतले की निम्मे काम झालेलेच असते. चड्डीची पँट करण्यासाठी एम-सील मळून त्याची पातळ पोळी पायाभोवती गुंडाळायची आणि पाण्यात बुडवलेल्या सुईने गुडघ्यामागे आणि घोट्यापाशी चुण्या पाडायच्या. हे मिश्रण लवकर ताठ होते, म्हणून एका वेळी एकच पाय घ्यावा.

पहिल्या दिवशी आरतीनंतर तळमजल्यावरचे निवृत्त सुभेदार काका पेटीपुढे आले. उमेदीच्या काळात ते मराठा पलटणीत याच तोफेवर होते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, “हा मागचा गेला.”

“कोण गेला, काका?”

“हा गोळा घेऊन उभा आहे तो. अरे, नेम धरणाऱ्याचा हात तोफेच्या चाकावर आहे, म्हणजे नळीत गोळा आहे. आता बार काढला की हा उरेल का?”

रिकॉइललेस तोफेला धक्का बसत नाही, कारण बारातला वायू मागच्या छिद्रांतून तितक्याच जोराने बाहेर फेकला जातो, हे मी वाचलेले होते. वाचूनही मी माणूस नेमका तिथेच उभा केला होता, कारण तिथे तो शोभून दिसत होता. तोफेच्या मागे ३० मीटरवर उभे राहणेही धोक्याचे. या प्रमाणात ते अंतर सुमारे ८५ सेंटीमीटर होते, म्हणजे माझ्या संपूर्ण देखाव्यात त्याला मागे सुरक्षित जागाच नव्हती. काका एवढ्यावर थांबले नाहीत. “हा गोळा सतरा किलोचा असतो बाळा, आणि याने असा धरलाय जणू मंडईतून दुधी आणलाय.” शिवाय धुरळ्याने जागा उघडी पडते, म्हणून एक-दोन बार झाले की जीप हलवावी लागते, मग चालक दुर्बीण घेऊन खाली का उभा आहे, असेही त्यांनी विचारले.

त्या रात्री मी पेटी घरी आणली. गोळेवाल्याला कमरेत कापले, धड मागे कलवून मध्ये पाचर बसवली, एक खांदा उतरवला, भार मागच्या पायावर घेतला आणि टाचेतून तार घालून त्याला तोफेच्या बाजूला रोवले. चालकाचे पाय मांडीपासून कापून त्याला सीटवर बसवले. ऊस मी खराट्याच्या काड्यांना कागदी पाती चिकटवून केला होता, प्रत्येक पात्याला मधोमध नखाने शीर पाडून. तोफेमागचा तेवढा ऊस आडवा केला आणि त्यावर मातकट रंगाची पूड फुंकली, म्हणजे एक बार होऊन गेला आहे हे कळावे. पहाटे चारला पेटी मांडवात परत गेली.

मित्राचे म्हणणे आजही असे की, दोन महिने बॉनेटवर घालवले आणि काकांनी त्याकडे पाहिलेही नाही. काका बॉनेटबद्दल काही बोलले नाहीत, कारण ते बरोबर होते. ज्याला कळते तो चुकीवरच बोट ठेवतो, आणि गिरगावात दहा दिवसांच्या गर्दीत असा एक माणूस येतोच.

तुम्ही गोळा भरतानाचा क्षण दाखवणार असाल, तर माणूस तोफेच्या मागल्या तोंडाशी असायलाच हवा. माझा आक्षेप फक्त नेम धरलेल्या तोफेबद्दल आहे. आणि लॅकर रंगाचा फवारा पावसाळ्यात मुंबईत मारू नका, दमट हवेने त्यावर पांढरी साय धरते. माझी जीप त्यामुळेच दोनदा रंगवावी लागली.

खर्चाचे विचारलेत, तर जीप, तोफ आणि सैनिक अशी तीन किटे घ्यावी लागतील, आणि पैसा तिथेच जातो. एम-सील, फेविक्विक, तार आणि खराटा यांना काही पडत नाही. माझ्या किटांची पावती मित्राने मंडळाच्या जमाखर्चात ‘किरकोळ सजावट’ या सदराखाली दाखवली होती. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.