नववीतला दादा आणि कच्चं लिंबू

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी बालगट चालतो, पाच ते दहा वयाची तीसेक मुलं येतात. आधी आम्ही सहा आया होतो, आता दोघीच उरलोय. याच गटात लहानाची मोठी झालेली आठवी-नववीतली सात मुलंमुली मदतीला येतो म्हणतात, पण आली की एकतर लहानांवर शिट्टी मारून ओरडत बसतात नाहीतर स्वतःच खेळायला लागतात, दोघं तर कोपऱ्यात मोबाईल घेऊन. यांना तयार कसं करायचं? एका आईचं म्हणणं आहे की मोठ्यांना यात ओढूच नका, अभ्यास बुडतो.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सात मुलं आपणहून येतायत हे वाचूनच मला फार बरं वाटलं. या वयात पोरं गटातून गळायला लागतात, लहानांबरोबर खेळायची लाज वाटते आणि मोठ्यांत कोणी घेत नाही. तुमची सात टिकलीयत, त्यांना हातची जाऊ देऊ नका.

आधी ती शिट्टी काढून घ्या. चौदा वर्षांच्या पोराने मुलं सांभाळणं म्हणजे काय हे पाहिलंय ते शाळेत, मॉनिटर फळ्यावर नावं लिहितो आणि पीटीचे सर ओरडतात, मग शिट्टी हातात आली की तो तेच करणार ना, त्याला दुसरं कोणी काही दाखवलेलंच नाही. आणि तुम्ही त्यांना नुसतं 'मदत करा' म्हणताय. मदत म्हणजे नेमकं काय ते त्यांना कळत नाही म्हणून मग मोबाईल निघतो.

मी असं करते की दोघादोघांची जोडी लावते आणि एका जोडीला पाचसहाच मुलं देते, तीच मुलं, निदान दोन महिने. तुमच्याकडे तीन जोड्या होतील, सातवा दर रविवारी बदलता ठेवा, तो सामान आणि पाण्याच्या बाटल्या बघेल. बाकीची मुलं तुम्हा दोघींकडे. हे काही मी शोधलेलं नाही, स्काउटची सुरुवातच यातून झालीय. 1907 साली इंग्लंडमध्ये ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेलने जे पहिलं शिबिर घेतलं त्यात वीसेक मुलं होती, त्यांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडी त्यांच्यातल्याच एका मोठ्या मुलाच्या हाती दिली. म्हणजे एकाकडे चारपाच मुलं. आपल्याकडेही राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर, ज्ञान प्रबोधिनीच्या दलांवर मोठी मुलंमुली लहानांचे खेळ घेत आलीयत. तीस मुलांसमोर एकट्या नववीच्या पोराला उभं केलं तर तो ओरडणारच, तिथे मोठा माणूससुद्धा ओरडतो.

आता खेळ घ्यायला शिकवणं. आमच्या उन्हाळी शिबिरातल्या एका मुलाचं सांगते, नववी संपवून आलेला, अतिशय मनापासून करणारा. त्याला 'मामाचं पत्र हरवलं' घ्यायला सांगितलं तर तो उभ्याने नियम सांगत राहिला, रुमाल कुठे टाकायचा, कुठल्या बाजूने पळायचं, पकडलं तर काय, नाही पकडलं तर काय, तोवर निम्मी पोरं माती उकरायला लागली आणि एक सहा वर्षांची चिमुरडी उठून थेट माझ्याकडे आली, मला घरी जायचंय म्हणून. दुसऱ्या दिवशी मी त्याला एवढंच म्हटलं की तू आधी खाली बस. तो गोलात मांडी घालून बसला, मग काही न सांगता रुमाल घेऊन उठला, गोलाभोवती एक चक्कर मारली, त्या चिमुरडीच्या मागे रुमाल टाकला आणि तिच्या कानात म्हणाला, पळ! ती पळाली. सगळ्यांना खेळ कळला. नियम सांगायचे नसतात, एक डाव खोटा खोटा खेळून दाखवायचा असतो, हे त्याला मी शंभर वेळा बोलून पटलं नसतं.

पण खरं शिक्षण झालं ते कच्च्या लिंबावरून. तीच मुलगी विषामृतात सारखी पकडली जायची आणि दर वेळी राज्य तिच्यावर. हा चांगल्या मनाने सगळ्यांसमोर ओरडला, 'ए, ही कच्चं लिंबू आहे रे!' आणि ती भोकाड पसरून रडली. त्याला कळेचना काय चुकलं, त्याने तर तिला सवलत दिली होती. रोजचे खेळ आटोपले की आम्ही वीसेक मिनिटं पायऱ्यांवर सरबत घेऊन बसायचो, तिथे मी विचारलं, लहान असताना तुला कोणी कच्चं लिंबू केलं होतं का? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, हो, भावाने, आणि मी खेळच सोडला होता. दुसऱ्या दिवशी त्याने काही जाहीर केलं नाही, दोन मोठ्या पोरांना बाजूला घेऊन सांगितलं की तिला जरा पळू द्या. बस.

म्हणून खेळानंतरची ही पायऱ्यांवरची वीस मिनिटं बुडवू नका, एक वेळ खेळ कमी घ्या. तिथे कोणाला झापायचं नाही. आज कोण रडलं, कोण एकदाही खेळलं नाही, कुणाचं नाव तुम्हाला अजून येत नाही, एवढंच विचारायचं आणि ऐकायचं. पहिले दोनतीन रविवार काही बोलणार नाहीत, खांदे उडवतील. धीर धरा.

मोबाईलसाठी एक टोपली ठेवा, त्यात पहिला तुमचा पडू दे.

एक गोष्ट मात्र कडक. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच आहे, म्हणजे तुमचे हे सातही. दोन पंधरा वर्षांची मिळून एक मोठं माणूस होत नाही, तुमच्यापैकी एक कायम नजरेच्या टप्प्यात हवी. लहानाला टॉयलेटला न्यायचं असेल, लागलं खुपलं असेल तर तुम्हा दोघींपैकीच कोणी बघायचं, दादा-ताईने एकट्याने कुणाला घेऊन जायचं नाही. आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की एखाद्या लहानाने घरी मारतात, कोणी नको तिथे हात लावतं असं काही सांगितलं तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, खोदून विचारायचं नाही, सरळ तुमच्याकडे यायचं. पुढचं काम तुमचं, 1098 ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते. हे ओझं पोरांच्या डोक्यावर ठेवायचं नाही.

अभ्यासाचं त्या आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दहावीतल्यांना दिवाळीनंतर मोकळं करा, आणि जूनमध्ये आठवीतली नवी दोन घ्या, म्हणजे गाडं अडत नाही. एकदा त्या आईलाच पायऱ्यांवरच्या सरबताला बोलवा, आपलं पोर काय बोलतं ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकू दे.

प्रश्न : मी नववीत आहे, आमच्या गटात लहानांना सांभाळते. एक मुलगा माझं अजिबात ऐकत नाही, सगळ्यांचा खेळ मोडतो. तायांना सांगितलं तर त्या म्हणतात तूच बघ. मला रडू येतं. सोडून देऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, रडू येणारच, तू काही कमी पडत नाहीयेस. 'तूच बघ' हे तायांचं चुकलं आणि हे पान त्यांना खुशाल दाखव. सोडायचं की नाही ते महिन्याभराने ठरव. तोवर एक करून बघ, त्या मुलाला खेळ सुरू व्हायच्या आधी बोलव आणि लगोरीच्या सात ठिकऱ्या रचायचं काम त्याला दे, रोज त्यालाच. खेळ मोडणाऱ्या पुष्कळ मुलांना आपल्याला कोणी खेळात घेणार नाही अशी आधीच भीती असते. त्याने रचलेली लगोरी पहिली तू फोड, आणि परत रचायला त्याच्या शेजारी बस.