मीटरला हात लावू नका, आधी पुरावा जपा

प्रश्न: अकरा महिन्यांपूर्वी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून घरच्या वापरासाठी कार घेतली. जाहिरातीत आणि मीटरवर ४२,००० किलोमीटर होते. मागच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला दिली, तर कंपनीच्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच १,१८,००० किलोमीटर निघाले. विक्रेता म्हणतो, मीटर बंद पडला होता म्हणून बदलला, आणि गाडी ‘जशी आहे तशी’ घेतल्याचं तुम्ही लिहून दिलं आहे. ओळखीचा मेकॅनिक आकडा बरोबर करून देतो म्हणतो. मी काय करू?

उत्तर: मेकॅनिकला आजच नको म्हणून सांगा. त्याचा हेतू चांगला असेल, पण तुमचा सर्वांत मोठा पुरावा त्या डॅशबोर्डमध्येच आहे. आकडा एकदा बदलला की ‘मीटर उघडला कोणी?’ हा प्रश्न तुमच्यावर उलटेल. आत्ताच्या आकड्याचा व्हिडिओ काढा. सर्व्हिस सेंटरकडून जुन्या नोंदी सही-शिक्क्यासह घ्या. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही राहते. तसं असेल तर स्कॅनचा लेखी अहवाल मागा. विक्रेत्याशी झालेले मेसेज ज्या फोनवर आहेत तो फोन बदलू नका, कारण नुसत्या स्क्रीनशॉटवर आक्षेप येतो.

विक्रेता खोटंच बोलतो असं मी धरून चालत नाही. मीटरचा संच खरोखर बिघडतो, बदलावा लागतो, आणि नवा संच शून्यापासून मोजायला लागू शकतो. पण मग त्याचं बिल असतं, जॉब कार्ड असतं. ते लेखी मागा. आणि समजा ते निघालं, तरी त्याची सुटका होत नाही. मीटर बदलल्याचं त्याला ठाऊक होतं, तरीही ४२,००० हाच आकडा गाडीचं एकूण रनिंग म्हणून त्यानं जाहिरातीत दिला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार ठाऊक असलेली गोष्ट फसवण्यासाठी दडवून ठेवणं हे कपट आहे, आणि कलम १९ खाली असा करार तुम्हाला रद्द करता येतो. ‘जशी आहे तशी’ हे शब्द ओरखड्यांना, झिजलेल्या टायरना लागू पडतील. कपटानं मिळवलेली सही त्यांच्या आड लपू शकत नाही.

एक खाचखळगा मात्र आहे. त्याच कलम १९ च्या अपवादानुसार, अजाणता दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे किंवा कपटी मौनामुळे संमती दिली असेल आणि साधी काळजी घेऊन खरं कळलं असतं, तर करार रद्द होत नाही. ‘सर्व्हिस रेकॉर्ड आधी का पाहिलं नाही?’ हा बचाव येणारच. म्हणून तक्रारीत ‘त्यांनी सांगितलं नाही’ एवढ्यावर थांबू नका. ‘खोटा आकडा जाहीर केला आणि खरा दडवला’ असं स्पष्ट लिहा, कारण जाणूनबुजून केलेल्या अशा कपटाला हा अपवाद लागू होत नाही.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करा. विक्रेता व्यावसायिक आहे आणि गाडी घरच्या वापराची, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. पैसे परत हवेत की किमतीतला फरक, हे आताच ठरवा. परत हवे असतील तर गाडी शक्य तितकी कमी चालवा. खरं कळूनही ती वापरत राहिलात तर व्यवहार मान्य केला असं म्हणायला वाव मिळतो. नोटिशीत आणखी एक मागणी घाला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याला ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची, किलोमीटरसह, इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवावी लागते. ती दाखवा म्हणा.

पोलीस तक्रारीचा मार्गही खुला आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण तिथे व्यवहाराच्या वेळचा फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागतो. तुम्हाला पैसे हवे आहेत, म्हणून आधी आयोग, असं माझं मत.

मीटरची दुरुस्ती निकालानंतर, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करा आणि जॉब कार्डावर जुना-नवा दोन्ही आकडे लिहून घ्या. पुढे गाडी विकाल तेव्हा ते कार्ड घेणाऱ्याला दाखवा आणि दाखवल्याची त्याची सही घ्या.