अंड्याऐवजी केकमध्ये काय घालावे?

मुलीला अंडे आणि दूध या दोन्हींची अ‍ॅलर्जी असल्यामुळे दही आणि कंडेन्स्ड मिल्क हे नेहमीचे पर्याय आपल्याला चालत नाहीत, आणि तीन अंड्यांच्या पाककृतीत जवस घालून केलेला केक मधोमध चिकट राहतो, अशी आपली अडचण आहे.

माझ्या मते जवसाचे प्रमाण जास्त झाल्यामुळे हे होत असावे. एका अंड्याऐवजी जवसाची एक मोठा चमचा पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवतात. तिचा बुळबुळीत चीक मिश्रण चांगले बांधून धरतो. परंतु अंड्यातील प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन केकला जो आधार देतात, तो या चिकाकडून मिळत नाही आणि शोषलेले पाणी तो सहजी सोडतही नाही. म्हणून एका, फार तर दोन अंड्यांच्या जागीच जवस वापरावे. खजूर-अक्रोडाच्या किंवा कणकेच्या केकमध्ये त्याची चव आणि करडे ठिपके खटकत नाहीत, व्हॅनिला केकमध्ये मात्र ते जाणवतात.

वाढदिवसासाठी मी मूळची बिनअंड्याचीच पाककृती सुचवेन. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक लहान चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात एक कप पाणी, पाव कपाहून थोडे अधिक तेल आणि एक मोठा चमचा व्हिनेगर घालावे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र येताच वायू सुटू लागतो, त्यामुळे मिश्रण फार न फेटता लगेच १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवावे. केक पूर्ण निवल्यावरच कापावा.

मेरिंगसारखा, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून करतात तसा, फेस हवा असेल, तर छोले शिजवलेले पाणी खरोखर आश्चर्यकारक काम करते. फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये त्याचा फेस होतो हे दाखवले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील गूस व्होल्ट यांनी त्याला ‘आक्वाफाबा’ हे नाव दिले. आपण छोले शिजवताना सवयीने मीठ, सोडा, चहाची पुरचुंडी घालतो. यासाठी त्यातले काहीही घालू नये. कुकरमधले पाणी बहुधा पातळ असते, ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याइतके दाट होईपर्यंत आटवून थंड करावे आणि थोडा लिंबाचा रस घालून विजेच्या बीटरने फेटावे. फेस उभा राहायला वेळ लागतो, तेव्हा घाईने थांबू नये. छोले हे कडधान्य असल्यामुळे मुलीला ते आधीपासून चालत असतील तरच हा प्रयोग करावा, आणि चॉकलेट किंवा मार्जरीन विकत आणताना वेष्टनावर दुधाच्या घटकांचा उल्लेख आहे का, हे प्रत्येक वेळी वाचावे.